लकडे सरांचं राखलेलं रान

लकडे सर वर्गात आले की आधी फळा पुसायचे, मग डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवायचे आणि मग आपल्या मनाची त्या दिवशीची हवा जाहीर करायचे. "आज मी चिडलेलो आहे. कारण घरचं आहे, तुमचा त्यात काही दोष नाही. पण तुम्ही त्यात भर घालू नका." पोरं लगेच ताठ बसायची. एखाद्या दिवशी म्हणायचे, "आज बरं वाटतंय. शंका असतील त्या विचारून घ्या." मग पोरं बीजगणितापासून ते सरांच्या म्हशीला काय झालं इथपर्यंत सगळ्या शंका विचारून घ्यायची आणि गणित बाजूलाच राहायचं.

सणसरच्या शाळेत मी नव्यानं लागले तेव्हा नव्वद साल उलटून थोडाच काळ झाला होता. मी बारामतीत राहायचे आणि इंदापूरच्या एसटीनं रोज जाऊन येऊन करायचे. रुजू झाल्यावर मुख्याध्यापकांनी दहावीचं गणित माझ्याकडे दिलं. ते आजवर लकडे सरांकडे होतं. दुपारच्या सुट्टीत सर माझ्या टेबलापाशी आले, पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, हातात पाण्याचा पेला, आणि अगदी सरळ म्हणाले, "बाई, तुमचा मला हेवा वाटतोय. तुमची काही चूक नाही. पण थोडे दिवस मी तुमच्याशी नीट बोलणार नाही. मनावर घेऊ नका."

मी पार गांगरले. शिक्षकांच्या खोलीत हेवा नसतो असं थोडंच आहे, पण तो पाठीमागं बोलून, वेळापत्रकात खोड्या काढून, नाहीतर चहाच्या वर्गणीतून नाव गाळून व्यक्त करायची आपली रीत. असा समोर येऊन हजेरी लावणारा हेवा मी पहिल्यांदाच पाहत होते. सरांनी शब्द पाळला. माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एके दिवशी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "गेला हेवा. पायथागोरसला पोरं अडतात, तिथं जरा हळू जा." त्यानंतर सरांनी मला जेवढी मदत केली तेवढी माझ्या सख्ख्या थोरल्या भावानंही केली नसेल.

खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. सभेत सरांना राग आला की ते बोलता बोलता थांबायचे, उठायचे, माठापाशी जाऊन भिंतीकडं तोंड करून सावकाश पाणी प्यायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हं. आता बोला." रविवारी जादा तास घ्या असा हुकूम आला की माठ तळाला जायचा. आम्ही हसायचो. सरही हसायचे, पण पाणी पिणं सोडायचे नाहीत. त्यांच्याजवळ छडी नव्हती. त्या काळात आमच्याकडं छडीशिवायचा गणिताचा मास्तर म्हणजे नवलच. जुने लोक सांगत की तरुणपणी याच लकडे सरांच्या छडीला सगळी पंचक्रोशी भ्यायची. ती छडी कुठं गेली, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

शाळेच्या मैदानाकडेला कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याखाली सरांचं कोर्ट भरायचं. मारामारी झाली की पोरांना तिथं आणलं जाई. सुरुवात कुणी केली, हा प्रश्न सर कधीही विचारत नसत. मारणाऱ्याला विचारत, "कुठं लागलं?" पोरगं बावचळून म्हणे, "मला न्हाय लागलं सर, मीच त्याला हाणलं." मग सर म्हणत, "ते कळलं. हाणायच्या आधी कुठं लागलं, ते विचारतोय." पोरं खरोखर शोधायला लागायची. कुणी पोटावर हात ठेवायचा, कुणी गळ्यावर. सर सांगत, "राग हा वरवरचा असतो. त्याच्या खाली दुसरंच काहीतरी बसलेलं असतं. ते बघा. घाई नको. गार झालं की आपणहून वर येतं."

आणि खरोखर ते घाई करत नसत. घंटा होवो, तास बुडो, मुख्याध्यापक वर्गाच्या दारातून खाकरोत, सर त्या पोरांबरोबर गप्प बसून राहायचे. मला सुरुवातीला हे अती वाटायचं. मारामारी करणाऱ्या पोरांना एकेक धपाटा घालावा आणि वर्गात बसवावं, हे माझं साधं मत होतं. पण लिंबाखालून उठलेली पोरं पुन्हा एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, हे मीच पाहिलं आणि मग गप्प बसले.

सरांची दुसरी गंमत रोज एसटीच्या खिडकीतून दिसायची. बारामती सोडली, पिंपळी ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कालव्याचं पाणी, कारखाना जवळ, बांधावरही ऊस लावावा अशी सगळ्यांची वृत्ती. सणसर जवळ आलं की रस्त्याला लागून एक तुकडा मात्र मोकळा दिसायचा. नांगरलेला, ढेकळं फोडलेली, पण लागण नाही. तो लकडे सरांचा. पावसाळ्यात त्यात बाजरी नाहीतर मटकी असे. संक्रांतीच्या आत रान पुन्हा रिकामं करून ठेवलेलं असे आणि उन्हाळा संपेपर्यंत ते तसंच पडून राही. हाताशी पाणी असताना ऊस न लावणारा माणूस म्हणजे आमच्या भागात वेड्यात जमा. शिपाईसुद्धा त्यांना विचारायचा, "सर, हे रान काय लेकीला आंदण द्यायला ठिवलंय का?" सर हसून म्हणायचे, "राखलेलं आहे."

कशासाठी राखलंय, ते एकदा मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडं ऊस तुटला की जिरायती भागातले मेंढपाळ कालव्याच्या बाजूला उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला सांगतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, त्या बदल्यात मेंढपाळाला धान्य द्यायची पद्धत. त्या दिवशी एसटी बंद पडली म्हणून मी सरांच्या बांधापाशी उभी होते. एक मेंढपाळ रानात उभ्या असलेल्या सरांना म्हणाला, "मास्तर, मोकळं रान दिसतंय. बसवू का मेंढरं?" रानात सोनं पडावं अशी गोष्ट. पण सर त्याला हात जोडून म्हणाले, "नको बाबा, हे रान माझ्या दादासाठी राखलेलं हाय." मेंढपाळ निघून गेला. मी काही विचारलं नाही, कारण सरांचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

पण मला थोडंसं ठाऊक होतं. माझं माहेर लोणी भापकरचं. लकडे सरांचे थोरले बंधू बिरूदादा आमच्याच गावाबाहेर वस्ती करून राहायचे. लोणी म्हणजे पावसाच्या भरवशाचा भाग. बिरूदादांचा मोठा कळप होता आणि पावसाळ्यात ते माझ्या वडिलांच्या रानात मेंढरं बसवायचे. उंच, हडकुळा माणूस, खांद्यावर घोंगडी, बोलणं मोजकं. वडील सांगत की दोघा भावांत फार वर्षांपासून अबोला आहे, धाकट्यानं रागाच्या भरात थोरल्याची मेंढरं कोंडवाड्यात घातली होती. उसात मेंढरं शिरली, मास्तरला राग आला, एवढीच गोष्ट सगळीकडं प्रसिद्ध होती. सरही कधी विषय निघालाच तर "माझा राग वाईट होता" एवढंच म्हणत.

ती गोष्ट पुरी नव्हती, हे कळायला संपत नावाचं आठवीतलं पोर निमित्त झालं.

संपतचा बाप बैलगाडीनं ऊस वाहायचा. एके दिवशी पोरगं डबा विसरलं म्हणून त्यानं कारखान्याकडं जाता जाता भरली गाडी शाळेच्या दारात थांबवली आणि तिथूनच मोठ्यानं हाक मारली, "सम्प्या, भाकर ऱ्हायली रं तुजी!" अंगावर पाचटाचा कचरा, डोक्याला फडकं, आवाज शेतातला. सगळी शाळा खिडकीत. मधल्या सुट्टीत संपतच्या जिवलग मित्रानं त्या हाकेची हुबेहूब नक्कल केली आणि संपतनं पत्र्याची कंपासपेटी त्याच्या कपाळावर मारली. रक्त आलं. मी जखमेला हळद लावली आणि दोघांना लिंबाखाली घेऊन गेले, म्हणून पुढचं मला ऐकता आलं.

सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. संपत बराच वेळ मातीत रेघोट्या ओढत बसला. मग म्हणाला, "त्याचा राग न्हाय आला सर."

"मग?"

"बा दारात आला तवाच लागलं हुतं. मला बाची लाज वाटली." आणि मग ते पोरगं असं रडायला लागलं की कपाळ फुटलेलं दुसरं पोरगं घाबरून त्याची पाठ चोळू लागलं.

एरवी अशा वेळी सर खूश व्हायचे. खालचं वर आलं, असं म्हणायचे. त्या दिवशी ते उठले आणि खोलीकडं चालू लागले. मी पोरांना वर्गात धाडून खोलीत गेले तर सर माठापाशी भिंतीकडं तोंड करून उभे, हातात रिकामा पेला. पाणी घेतलंच नव्हतं.

संध्याकाळी मी एसटीच्या थांब्याकडं निघाले तशी सरांनी सायकल हातात धरली आणि माझ्याबरोबर चालत आले. मी विचारलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच सांगितलं. वडील लवकर गेले, तेव्हा सर लहान होते. दादानं त्यांना मेंढरांमागं नेलं नाही, बारामतीच्या वसतिगृहात ठेवलं आणि मेंढरं विकून विकून शिकवलं. भेटायला यायचा तो फाटकाच्या बाहेरच उभा राहायचा, आत ये म्हटलं तरी यायचा नाही. पुढं सरांना नोकरी लागली, पाण्याखालची जमीन झाली, घर झालं. दादाचा कळप दर वर्षी संक्रांतीनंतर सणसरला उतरायचा आणि पहिल्यांदा भावाच्या रानात बसायचा. धाकट्याच्या रानाला खत देऊन मग पुढं जायचं, ही त्याची रीत.

ज्या वर्षी ते घडलं, त्या वर्षी सरांनी शाळेच्या संस्थेतली बडी मंडळी हुरड्याला बोलावली होती. माणसं बांधावर बसून हुरडा खातायत, तेवढ्यात मेंढरं शेजारच्या कोवळ्या उसात शिरली आणि मागून दादा धावत आला. धोतर गुडघ्याच्या वर, पायात चिखल, आणि सगळ्यांसमोर सरांच्या घरच्या नावानं हाक, "म्हाद्या, आरं आडीव की मेंढरं!" पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, हा कोण?

"मी म्हणालो, असेल कुणीतरी मेंढका," सर म्हणाले. "दादा चार पावलांवर उभा होता."

थोडं चालून ते पुढं म्हणाले की एकदा मेंढका म्हटल्यावर त्याला मेंढक्यासारखंच वागवणं भाग होतं. म्हणून गड्याला सांगून मेंढरं कोंडवाड्यात घातली. पाहुण्यांनी मास्तरांच्या शिस्तीचं कौतुक केलं. दादानं दंड भरला, मेंढरं सोडवली आणि पुढं गेला. सरांची छडीही त्याच दिवशी सुटली.

"इतकी वर्षं मी त्याला राग म्हणत आलो बाई. राग म्हटलं की बरं वाटतं. राग काय, कुणालाही येतो. आज त्या पोरानं त्याचं खरं नाव घेतलं."

मी विचारलं, माफी नव्हती मागितली का? मागितली होती, म्हणाले, पण ती आणखी वाईट झाली. पुढच्या वर्षी कळप आल्याचं कळताच त्यांनी ज्वारीचं पोतं भरून गड्याबरोबर दादाकडं पाठवलं आणि निरोप दिला, माझ्या रानात मेंढरं बसव. पोतं तसंच परत आलं. गड्याजवळ दादानं सांगितलं होतं, परक्याच्या रानात बसवली की दाणं घेतो, हे रान परक्याचं हाय का ते इचारून ये.

"उत्तर घेऊन मी स्वतः जायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "मी गेलो नाही. रान मोकळं ठेवायला लागलो."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. रान मोकळं ठेवणं म्हणजे उत्तर नव्हे, हे गणिताच्या मास्तराला कळू नये? दादाचा कळप दर वर्षी त्या रानावरून पुढं जायचा, शेजाऱ्याच्या रानात बसायचा. सर बांधावर उभे राहायचे. दोघे एकमेकांना बघायचे की नाही, हे सरांनी सांगितलं नाही. मी म्हणाले, येत्या रविवारी मी माहेरी चाललेय, चला माझ्याबरोबर. आता नाव सापडलंय तर सांगून टाका. सरांनी मान हलवली. "अजून तोंडात नीट बसत नाही हो. जरा गार होऊ द्या. वर आलं की आपणहून सांगेन."

असं म्हणण्यात तो हंगाम गेला. मग पुढचाही गेला. मी अधूनमधून आठवण करायचे, सर म्हणायचे, जाऊन येऊ या एकदा. वाक्य कसं सुरू करायचं यावर त्यांचा विचार चाललेला असायचा. एकदा मला विचारलं, "आधी माफी मागावी, का आधी लाज सांगावी?" मी म्हणाले, सर, हे काही प्रमेय नाही. ते ओशाळून हसले. त्या पुढच्या हंगामात, माघात, कळप आला तेव्हा सर सकाळीच रानात जाऊन उभे राहिल्याचं काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला सांगितलं. नवा शर्ट घालून गेले होते. मेंढरं रस्त्यानं गेली. मधलं अंतर एवढंसं होतं, आणि ते बांध उतरले नाहीत. काकू बोलता बोलता पदर डोळ्यांना लावत होत्या.

त्याच्या पुढच्या दिवाळीत मी माहेरी गेले तर वडिलांनी सहज सांगितलं, बिरूनं मेंढरं विकली. गुडघे गेले. एक मुलगा कंपनीत लागला, दुसरा जीप चालवतो, मागं फिरणार कोण? सुट्टी संपल्यावर शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं. सरांनी विचारलं, "सगळी?" मी म्हटलं, सगळी. त्या दिवशी ते तासाला गेले नाहीत. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "रविवारी जाऊ."

बारामतीच्या स्टँडवर रविवारी सर माझ्या आधी येऊन उभे होते. लोणीला उतरून आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा बिरूदादा अंगणात लोकरीचं सूत कातत बसले होते. मेंढरं गेली तरी घरात लोकर उरली होती. आम्हाला पाहून ते उठले. गुडघ्यांमुळं उठायला वेळ लागला. भाऊ दारात आल्यावर माणूस काय करेल याची मी वाटभर कल्पना करत आले होते, पण दादांनी फक्त "या" म्हटलं आणि आतून बाज आणवली. बाजेवर नवी सतरंजी अंथरली. हातपाय धुवायला तांब्या दिला. मी आपली उंबऱ्यावर बसले.

सर सतरंजीच्या अगदी कडेला टेकले. वाक्य त्यांनी इतकी वर्षं घोटलेलं, पण निघालं ते भलतंच सरळ. "दादा, त्या दिवशी मला राग न्हवता आला. मला तुजी लाज वाटली."

बिरूदादांनी हातातली सूत कातायची चाती खाली ठेवली. "ठावं हाय मला," ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "राग आला आसता तर सांजच्याला मीच तुज्या दारात येऊन बसलो आसतो. तुजा राग मी काय कमी बघितलाय? ल्हानपणी दिसभर रागावलेलाच आसायचास. पर लाज वाटली, तितं मी काय करणार? जितं आपली लाज वाटती, तितं पाऊल उचलत न्हाय म्हादू."

"चुकलं दादा."

"बरं झालं बोललास. लय उशीर केलास, पर बरं झालं."

मला वाटलं, आता झालं. आता दोघं रडतील, मीही मोकळेपणानं रडेन. तसं काही झालं नाही. वहिनींनी, म्हणजे दादांच्या पत्नीनं, बशीतून पोहे आणले, कपातून चहा आणला. दादांनी शाळेची चौकशी केली, पाऊसपाण्याची केली. सर हळूच म्हणाले, रान अजून तसंच ठेवलंय. दादा म्हणाले, "बघायचो की दरसाल. आता काय, मेंढरं इकली. ऊस लाव त्यात."

दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले, एका घोंगडीत झोपलेले. आणि आता थोरला धाकट्याला आणखी पोहे घ्या म्हणून आग्रह करत होता. घ्या म्हणत होता, घे नाही. माझ्या ते लगेच लक्षात आलं आणि सरांच्याही आलं असणार, कारण त्यांनी बशी खाली ठेवली.

निघताना वहिनींनी मला कुंकू लावलं, माझी ओटी भरली, गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कशी जाशील, गावची लेक हायस." मग त्या आत गेल्या आणि ताटात टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन आल्या. दादांनी सरांच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. पाहुण्याला द्यायचा तो सगळा मान रीतसर दिला. त्यात टोमणा नव्हता, खुन्नस नव्हती, हेच फार वाईट होतं. माझ्याशी काही नातं नसताना मी त्या घरची लेक ठरले आणि सख्खा भाऊ पाहुणा झाला. सर दादांच्या पाया पडले. दादांनी त्यांना उठवलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "येत जावा सवडीनं."

परतीच्या एसटीत सर टॉवेल आणि टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बारामती जवळ आली. मग खिडकीकडं बघतच म्हणाले, "बाई, मी पोरांना अर्धंच शिकवलं. रागाच्या खाली काय आहे ते बघा, गार होऊ द्या, आपणहून वर येईल. हे सगळं बरोबर आहे. पण वर आल्यावर लगेच उठून जायचं असतं, ते मला माहीतच नव्हतं. मी आपला बघतच बसलो." त्यांच्यासारखा माणूस स्वतःच्या मनात इतका खोल उतरला, तिथलं सगळं नीट पाहून आला आणि तरी त्याच्या हाती टॉवेल-टोपी आली, याचं मला आजही वाईट वाटतं. स्वतःला ओळखणं म्हणजे सगळं झालं असं आपण समजतो. समोरचा माणूस तोवर थांबलेला असतो, आणि थांबणाऱ्याचंही वय होतं.

सर त्यानंतर लोणीला जात राहिले. सणावाराला, वहिनींच्या आजारपणाला. दर वेळी बाजेवर सतरंजी अंथरली जायची, हे मला वडिलांकडून कळायचं. रानात त्यांनी ऊस लावला. एसटीच्या खिडकीतून आता सगळीकडं सारखंच हिरवं दिसायचं आणि पिंपळी ओलांडली की मी वाचायला पुस्तक काढायचे.

माझी बारामतीला बदली झाली तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि सरांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला त्यांना शोधत मैदानावर आले. सर लिंबाखाली नव्हते. सर पळत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना कधी पाहिलंच नव्हतं. लेंग्याचा घोळ एका हातानं वर धरलेला, दुसऱ्या हातात पाचवीतल्या एका मुलीचं मनगट, मुलगी हुंदके देतेय, नाक गळतंय, वेणी सुटलेली, आणि सर तिला घेऊन भर उन्हात मैदान ओलांडून समोरच्या वर्गाकडं निघालेले. तिची मैत्रीण त्या वर्गात होती, दोघींचं नुकतंच कडाक्याचं भांडण झालं होतं. मला त्या पोरीची कीव आली. मी ओरडून म्हणाले, "सर, अहो जरा गार तरी होऊ द्या तिला."

सर थांबले नाहीत. धापा टाकत, मागं न बघताच म्हणाले, "गार झाल्यावर जात न्हाय बाई कुणी."